उसनी प्रतिपिंडे : जीर्ण हेपॅटायटिस बी आणि पहिल्या चाचण्यांचे धडे

संसर्गजन्य रोगातून माणूस बरा होतो तेव्हा त्या रोगाची एक खूण त्याच्या रक्तात मागे राहते. ही खूण म्हणजे प्रतिपिंडे होत. शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाला, म्हणजे प्रतिजनाला, नेमके ओळखून त्याला चिकटणारी ही प्रथिने असतात. एका रोगाची प्रतिपिंडे सहसा दुसऱ्या रोगाच्या उपयोगी पडत नाहीत. कुलूप आणि किल्ली यांच्याप्रमाणे प्रतिजन आणि प्रतिपिंड यांची जोडी ठरलेली असते.

बरे झालेल्याच्या रक्तातील ही संपत्ती आजाऱ्याला उसनी देता आली तर? १८९० साली बर्लिन येथे एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी घटसर्प व धनुर्वात या रोगांच्या संदर्भात या प्रश्नाचे उत्तर शोधले. रोगाच्या विषाला सरावलेल्या प्राण्याचा रक्तरस दुसऱ्या प्राण्यास टोचला असता तोही त्या विषापासून बचावतो, असे त्यांना आढळून आले. महाराष्ट्रातील वाचकाला या तत्त्वाचे एक उदाहरण परिचयाचे आहे. सर्पदंशावर टोचले जाणारे औषध घोड्याच्या रक्तापासून तयार होते. घोड्याला सापाचे विष अल्प प्रमाणात वाढवीत दिले जाते व त्याच्या रक्तात निर्माण झालेली प्रतिपिंडे वेगळी काढली जातात. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या औषधाशी दीर्घकाळ जोडले गेले आहे. बोलीभाषेत या औषधाला ‘सापाची लस’ म्हणतात, परंतु काटेकोरपणे ती लस नव्हे. लस शरीराला प्रतिपिंडे तयार करण्यास शिकविते; सर्पविषावरील औषध तयार प्रतिपिंडेच पुरविते. शिकलेली विद्या वर्षानुवर्षे टिकते. उसनी प्रतिपिंडे मात्र काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतात. माणसाच्या रक्तातील मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांचा साठा सुमारे तीन आठवड्यांत निम्मा होतो.

हा भेद ध्यानात ठेवला म्हणजे प्रस्तुत प्रश्नाचे स्वरूप स्पष्ट होते. घटसर्पाचे विष किंवा सापाचे विष एकदा निष्प्रभ केले की काम संपते. परंतु जो विषाणू यकृताच्या पेशींत वर्षानुवर्षे ठाण मांडून बसतो आणि रोज नवे कण रक्तात सोडतो, त्याच्यावर उसन्या प्रतिपिंडांचा इलाज चालेल काय?

रोग आणि त्याचा विस्तार

हेपॅटायटिस बी हा यकृताला सूज आणणारा विषाणुजन्य रोग आहे. तो रक्तातून, शरीरसंबंधातून, अशुद्ध सुईतून आणि प्रसूतीच्या वेळी मातेकडून बालकाकडे पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे २५ कोटी ४० लाख लोक या रोगाच्या जीर्ण अवस्थेत होते, व त्यांपैकी सुमारे २ कोटी ९८ लाख भारतात होते. त्या एका वर्षात या रोगाने सुमारे ११ लाख माणसे दगावली, ती मुख्यतः यकृत आक्रसून निकामी झाल्याने किंवा यकृताच्या कर्करोगाने.

या रोगाचे एक वैशिष्ट्य असे की, त्याची गती वयावर अवलंबून असते. धडधाकट प्रौढ माणसाला संसर्ग झाला तर शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक जण तो स्वतःच्या बळावर परतवून लावतात. नवजात बालकाला संसर्ग झाला तर मात्र शंभरांपैकी सुमारे नव्वद बालकांत तो कायमचा घर करतो. त्या कोवळ्या वयात शरीराची संरक्षणव्यवस्था विषाणूला शत्रू म्हणून ओळखण्याऐवजी त्याची उपस्थिती सोसत राहते. असे मूल पुढे तीस-चाळीस वर्षे निरोगी दिसते आणि ऐन कर्त्या वयात त्याचे यकृत ढासळते.

या विषाणूचा शोधसुद्धा प्रतिपिंडांमुळेच लागला, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ बरूक ब्लूमबर्ग हे निरनिराळ्या मानवसमूहांच्या रक्तातील प्रथिनांचा अभ्यास करीत होते. ज्या रुग्णांना वारंवार इतरांचे रक्त द्यावे लागते त्यांच्या शरीरात परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होत असावीत, या तर्काने त्यांनी रक्तस्रावाच्या आनुवंशिक विकाराने आजारी असलेल्या एका रुग्णाचा रक्तरस अनेक नमुन्यांशी ताडून पाहिला. एका ऑस्ट्रेलियन आदिवासी व्यक्तीच्या रक्तरसाशी त्याची प्रतिक्रिया झाली. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या या पदार्थाला ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव मिळाले. पुढे तो हेपॅटायटिस बी विषाणूच्या बाह्य कवचाचा अंश असल्याचे सिद्ध झाले. या कार्याबद्दल ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिकाचा सन्मान लाभला.

पोकळ कणांचे सैन्य

हेपॅटायटिस बीच्या संपूर्ण विषाणूचा व्यास सुमारे ४२ नॅनोमीटर असतो. १९७० साली लंडनमध्ये डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखविला. परंतु रुग्णाच्या रक्तात या पूर्ण विषाणूंखेरीज आणखी एका प्रकारचे कण प्रचंड संख्येने असतात. ते सुमारे २२ नॅनोमीटर रुंदीचे गोल किंवा दोरीसारखे लांबट कण होत. त्यांच्यावर विषाणूचेच कवच असते, पण आत जनुकद्रव्य नसते. ते कोणालाही संसर्ग देऊ शकत नाहीत. पूर्ण विषाणूच्या मानाने त्यांची संख्या हजारपट, कधी त्याहूनही कितीतरी पट अधिक असते.

युद्धात शत्रूला चकविण्यासाठी गवताचे सैनिक उभे करावेत तसा हा प्रकार आहे. कवचाला ओळखणारे प्रतिपिंड शिरेतून सोडले की ते खऱ्या विषाणूला चिकटण्यापूर्वी या पोकळ कणांतच खर्ची पडते. एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या रुग्णाच्या रक्तद्रवात दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम पृष्ठप्रतिजन आहे आणि रक्तद्रव ३ लिटर आहे. मग त्याच्या अभिसरणात कोणत्याही क्षणी ३० मिलिग्रॅम प्रतिजन असेल. ते सारे झाकण्याइतके प्रतिपिंड दिले तरी यकृत थांबलेले नसते. पुढच्या काही दिवसांत ते तेवढेच कण पुन्हा रक्तात सोडते. म्हणून मात्रा पुनःपुन्हा द्यावी लागते.

दुसरा धोका असा की, प्रतिजन आणि प्रतिपिंड यांच्या जोड्या मोठ्या संख्येने जमल्या तर त्या मूत्रपिंडात व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचून दाह उत्पन्न करू शकतात. तिसरी अडचण सर्वांत मूलभूत आहे. विषाणूचे जनुकद्रव्य यकृतपेशीच्या केंद्रकात एका बंद वर्तुळाच्या रूपाने सुरक्षित राहते. रक्तात फिरणाऱ्या प्रतिपिंडाला तेथपर्यंत वाट नसते.

जेथे उपाय लागू पडला

या अडचणी विचारात घेतल्या म्हणजे प्रतिपिंडांचे यश कोठे अपेक्षावे, हेही कळते. विषाणूने अद्याप यकृतात ठाण मांडलेले नसेल, तेथे ते यशस्वी होतील. अनुभव नेमका तसाच आला.

ज्यांच्या रक्तात या प्रतिपिंडांचे प्रमाण अधिक आहे अशा रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून ‘हेपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन’ तयार करण्यात आले. तैवानमध्ये बीझली व त्यांच्या सहकाऱ्यांनी संसर्गित मातांच्या नवजात बालकांना ते दिले, आणि १९८३ साली त्यांनी दाखवून दिले की जन्मतःच हे प्रतिपिंड व त्याच्या जोडीला लस दिल्यास बहुसंख्य बालके जीर्ण संसर्गापासून वाचतात. येथे उसन्या प्रतिपिंडांनी पहिले काही आठवडे पहारा दिला व तोवर लसीने बालकाला स्वतःचा पहारा उभारण्यास शिकविले.

दुसरे यश यकृतरोपणाच्या क्षेत्रात मिळाले. निकामी यकृत काढून नवे बसविले तरी रक्तात उरलेला विषाणू नव्या यकृतातही शिरत असे. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील ३७२ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसून आले की, ज्यांना प्रतिपिंडे दिली गेली नाहीत त्यांच्यापैकी सुमारे ७५ टक्के रुग्णांत तीन वर्षांच्या आत विषाणू परतला. ज्यांना सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ प्रतिपिंडे दिली गेली त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. केवळ दोन महिने प्रतिपिंडे मिळालेल्यांची स्थिती मात्र काहीच न मिळालेल्यांपेक्षा फारशी वेगळी नव्हती. उसनवारी थांबताच पहारा उठतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

जीर्ण रोगावरील पहिले प्रयोग

जीर्ण रोग जडलेल्या रुग्णांना प्रतिपिंडे देऊन पाहण्याचा प्रयत्नही जुना आहे. १९७३ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील वैद्यांनी अशा रुग्णांच्या शिरेतून दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे देण्याचा आपला अनुभव प्रसिद्ध केला. तथापि रोग बरा करण्याचा मार्ग म्हणून ही पद्धत रुजली नाही. दात्यांच्या रक्तातून मिळणारा पुरवठा तुटपुंजा, आणि शत्रूची संख्या अफाट.

१९७५ साली केंब्रिज येथे जॉर्ज कोहलर आणि सेझार मिल्स्टाइन यांनी पुरवठ्याची अडचण दूर केली. प्रतिपिंड निर्माण करणारी उंदराची पेशी आणि अमर्याद वाढणारी कर्करोगाची पेशी यांचा संयोग करून त्यांनी एक संकरित पेशी मिळविली. तिच्या वंशातील सर्व पेशी एकच एक प्रतिपिंड हव्या तेवढ्या प्रमाणात तयार करतात. त्यांना मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशातील प्रतिपिंडे, असे म्हणतात. या शोधास १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु उंदराचे प्रतिपिंड हे माणसाच्या शरीराला परकेच असते. शरीर त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे तयार करते, आणि औषध दुसऱ्या-तिसऱ्या वेळी निष्फळ किंवा अपायकारक ठरते. म्हणून मानवी प्रतिपिंडे तयार करण्याकडे संशोधकांचे लक्ष वळले.

या मार्गावरील एक सुस्पष्ट चाचणी २००२ साली प्रसिद्ध झाली. जेरुसलेमचे एतान गालुन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन मानवी मोनोक्लोनल प्रतिपिंडांचे मिश्रण २७ जीर्ण रुग्णांना दिले. तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे, कारण पहिल्या टप्प्यातील चाचणी कशी असावी याचा ती नमुना आहे. पहिल्या भागात १५ रुग्णांचे पाच गट करण्यात आले. सर्वांत कमी मात्रा सुमारे पाव मिलिग्रॅमची होती, सर्वांत अधिक ४० मिलिग्रॅमची. प्रत्येकास एकच मात्रा देऊन १६ आठवडे निरीक्षण करण्यात आले. दुसऱ्या भागात १२ रुग्णांना चार आठवडे दर आठवड्यास १० ते ८० मिलिग्रॅम प्रतिपिंड देण्यात आले.

पुरेशी मात्रा मिळालेल्या रुग्णांच्या रक्तातील पृष्ठप्रतिजन झपाट्याने घटून मोजता न येण्याइतके कमी झाले, आणि त्याबरोबर विषाणूचे जनुकद्रव्यही उतरले. तथापि ‘उतरले’ आणि ‘गेले’ या दोन शब्दांत मोठे अंतर आहे. प्रत्येक मात्रेनंतर पातळी खाली येई, आणि दर वेळी ती तशी खाली आणण्यासाठी पुन्हा मात्रा द्यावी लागे. पहिल्या टप्प्याच्या चाचणीचा मुख्य प्रश्न ‘रोग बरा होतो काय’ हा नसतो. ‘हे औषध माणसास सोसते काय, आणि कोणत्या मात्रेत’ हा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर मिळाले होते. पुढचा प्रश्न अनुत्तरित राहिला.

मात्रा इतक्या सावकाश का वाढवावी लागते, याचे उत्तर दोन दुर्घटनांत आहे. १९९३ साली अमेरिकेत फायलुरिडीन नावाच्या हेपॅटायटिस बीवरील औषधाच्या चाचणीत १५ रुग्ण होते. आरंभीची लक्षणे आशादायक होती. काही आठवड्यांनंतर सात जणांचे यकृत निकामी झाले. पाच जण मृत्यू पावले व दोघे यकृतरोपणामुळे वाचले. २००६ च्या मार्च महिन्यात लंडनमध्ये टीजीएन १४१२ या प्रतिपिंडाची पहिली मात्रा सहा निरोगी स्वयंसेवकांना अल्पशा अंतराने एकामागून एक देण्यात आली. पहिल्यावर काय परिणाम होतो हे पाहण्यास पुरेसा अवधी ठेवला गेला नाही. सहाही जण अत्यवस्थ झाले. सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. प्रथम एकाच व्यक्तीस मात्रा देऊन थांबावे, हा दंडक त्यानंतर दृढ झाला.

बंगळूरचा संबंध

१९८६ च्या जानेवारी ते एप्रिल या काळात ब्लूमबर्ग बंगळूर येथील भारतीय विज्ञान अकादमीत रमण अभ्यागत प्राध्यापक होते. त्या सुमारास भारतातील एका वनस्पतीविषयी त्यांच्या गटात संशोधन चालू होते. ती वनस्पती म्हणजे काविळीवर महाराष्ट्रातही परंपरेने दिला जाणारा भुईआवळा. मद्रासच्या त्यागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भुईआवळा संसर्गित व्यक्तींना ३० दिवस दिला. १९८८ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष विलक्षण होता : औषध घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या, म्हणजे ५९ टक्क्यांच्या, रक्तातील पृष्ठप्रतिजन उपचारानंतर दोन-तीन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत नाहीसे झाले होते. औषधविरहित चूर्ण घेतलेल्या २३ जणांपैकी एकाच्याच बाबतीत तसे घडले. परंतु थायलंडमध्ये व इतरत्र ज्यांनी हा प्रयोग पुन्हा केला त्यांना असे यश मिळाले नाही. भुईआवळ्यात प्रतिपिंडे नसतात. परंतु प्रतिपिंडांच्या चाचण्यांना लागू पडणारा धडा त्यात आहे. एका ठिकाणच्या लहान चाचणीचा निष्कर्ष कितीही ठळक असला, तरी दुसऱ्या ठिकाणी तो पुन्हा सिद्ध होईपर्यंत त्याला सिद्धांताचे स्थान देता येत नाही.

पुढे बंगळूर हेच भारतातील प्रतिपिंडनिर्मितीचे एक प्रमुख केंद्र बनले. १९७८ साली किरण मजुमदार यांनी तेथे स्थापन केलेल्या बायोकॉन कंपनीने क्यूबातील हवाना येथील रेण्वीय प्रतिरक्षाविज्ञान केंद्राशी सहकार्य केले. त्यातून मस्तक व मानेच्या कर्करोगावरील निमोटुझुमॅब २००६ साली, आणि सोरायसिस या त्वचारोगावरील इटोलिझुमॅब २०१३ साली भारतात उपलब्ध झाले. ही औषधे हेपॅटायटिस बीसाठी नव्हती. परंतु इटोलिझुमॅबच्या पुढील इतिहासात लहान चाचणीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला.

२०२० च्या कोविड साथीत मुंबई व दिल्ली येथील रुग्णालयांत ३० गंभीर रुग्णांवर या प्रतिपिंडाची चाचणी झाली. २० जणांना नेहमीच्या उपचारांबरोबर प्रतिपिंड मिळाले, १० जणांना केवळ नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटात तिघे दगावले, पहिल्या गटात कोणीही नाही. त्या जुलै महिन्यात औषध महानियंत्रकांनी आणीबाणीतील मर्यादित वापरास अनुमती दिली.

या आकड्यांचे वजन वाचकाला स्वतः पाहता येईल. प्रतिपिंडाचा काहीच परिणाम नसता, आणि ३० जणांत तीन मृत्यू अटळ असते, तर ते तिन्ही केवळ योगायोगाने दहाच्याच गटात पडण्याची शक्यता सुमारे ३ टक्के होती. ही शक्यता अल्प आहे, म्हणून निष्कर्ष दुर्लक्षणीय नव्हता. परंतु त्या तिघांपैकी एकच मृत्यू दुसऱ्या गटात घडला असता तर काय झाले असते? तितका किंवा त्याहून अधिक असमतोल योगायोगाने घडण्याची शक्यता सुमारे २५ टक्के होते. म्हणजे सगळ्या पुराव्याचा तोल एका माणसाच्या जगण्यामरण्यावर होता. शिवाय कोणास काय दिले जात आहे हे वैद्यांना व रुग्णांना ठाऊक होते. अनुमतीवर त्या वेळी तज्ज्ञांत जो वाद झाला त्याचे मूळ येथे आहे. साथीच्या दिवसांत थांबणे आणि न थांबणे या दोन्हींची किंमत माणसांच्या प्राणांतच मोजावी लागते. म्हणूनच मोठ्या, तुलनात्मक चाचण्यांची आवश्यकता अशा काळात कमी होत नाही, ती वाढते.

शांघायचा धडा

तुलनेच्या गटाचे महत्त्व हेपॅटायटिस बीच्याच क्षेत्रात शांघाय येथे सर्वांत स्पष्टपणे प्रत्ययास आले. तेथील वेन युमेई यांची कल्पना चतुर होती. पृष्ठप्रतिजन आणि त्याचे प्रतिपिंड यांची जोडी आधीच बांधून, तुरटीच्या वर्गातील ॲल्युमिनियमच्या क्षारासह ती रुग्णाला टोचायची. म्हणजे सुस्तावलेली संरक्षणव्यवस्था त्या जोडीला नव्याने ओळखेल. दुसऱ्या टप्प्यातील २४२ रुग्णांच्या चाचणीत अधिक मात्रा मिळालेल्या गटात सुमारे २२ टक्के रुग्णांत विषाणूच्या ‘ई’ प्रतिजनाची जागा प्रतिपिंडाने घेतली. तुलनेच्या गटात हे प्रमाण ९ टक्के होते. आशा वाढली.

तिसऱ्या टप्प्यात ४५० रुग्ण घेण्यात आले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष उलट निघाला : प्रतिपिंडाची जोडी मिळालेल्यांत १४ टक्के, आणि केवळ ॲल्युमिनियमचा क्षार मिळालेल्यांत सुमारे २२ टक्के. तुलनेचा गट नसता तर १४ टक्क्यांचे श्रेय औषधाला दिले गेले असते. या रोगात काही रुग्ण उपचाराविनाही सुधारतात. आणि तो भाग वजा केल्याखेरीज औषधाचे मूल्य कळत नाही. आपल्या उपचाराचे अपयश जगापुढे मांडणाऱ्या या संशोधकांनी पुढे येणाऱ्यांची वाट मोकळी केली, हे त्यांचे श्रेय मानले पाहिजे.

नवी दिशा

यानंतरचे प्रयत्न दोन वाटांनी चालले आहेत. पहिल्या वाटेवर अधिक प्रभावी व दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे तयार करण्यात आली. त्यांपैकी टोबेविबार्ट या प्रतिपिंडाची एक लहान मात्रा त्वचेखाली दिल्यावर आठवड्याभरात पृष्ठप्रतिजन दहापटीहून अधिक घटल्याचे २०२१ साली सांगण्यात आले. त्याच्या जोडीला यकृतपेशीतच प्रतिजनाची निर्मिती रोखणारे औषध देऊन पाहण्यात आले. तर्क सरळ आहे : नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या वाटेवर प्रतिपिंडाचे लक्ष्यच बदलले. जीर्ण संसर्गात शरीराच्या लढाऊ पेशी थकतात आणि त्यांच्यावर एक प्रकारचा लगाम बसतो. कर्करोगात वापरले जाणारे निवोलुमॅब हा लगाम सैल करते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्राथमिक अभ्यासात ते अत्यल्प मात्रेत २४ रुग्णांना देण्यात आले, आणि एका रुग्णाच्या रक्तातील पृष्ठप्रतिजन नाहीसे झाले. चोविसांत एक हे प्रमाण अल्प आहे. परंतु मार्ग बंद नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. लगाम फार सैल झाला तर शरीराच्याच पेशी संसर्गित यकृतावर तुटून पडतात, म्हणून येथेही सावध पावलेच टाकावी लागतात.

याची उलट बाजूही प्रत्येक रुग्णाने जाणून घ्यावी अशी आहे. रिटुक्सिमॅबसारखी काही प्रतिपिंडे रक्ताच्या कर्करोगावर व संधिवातावर दिली जातात. ती प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या पेशींनाच नष्ट करतात. अशा वेळी वर्षानुवर्षे दबलेला हेपॅटायटिस बी उसळी घेतो व प्राणावर बेतू शकते. म्हणून असा उपचार सुरू करण्यापूर्वी या विषाणूची रक्ततपासणी करणे अत्यावश्यक मानले जाते.

रुग्णाने काय समजावे

जीर्ण हेपॅटायटिस बी समूळ नाहीसा करणारे प्रतिपिंड अद्याप वैद्यकाच्या हाती आलेले नाही. परंतु रुग्ण निराधार नाही. टेनोफोविर व एन्टेकाविर यांसारख्या गोळ्या विषाणूची वाढ रोखून धरतात आणि यकृताचा ऱ्हास थांबवितात; त्या बहुधा दीर्घकाळ घ्याव्या लागतात व वैद्याच्या सल्ल्याविना थांबवू नयेत. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली तपासणी व औषधे शासकीय केंद्रांतून विनामूल्य देण्याची व्यवस्था आहे. बालकाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लस टोचणे हा तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय होय.

नव्या उपचाराच्या चाचणीत सहभागी होण्याचे आवाहन झाल्यास रुग्णाने काही प्रश्न अवश्य विचारावेत. ही चाचणी कोणत्या टप्प्याची आहे? तुलनेच्या गटाला काय दिले जाणार आहे? चालू गोळ्या बंद कराव्या लागतील काय? अपाय झाल्यास उपचार व भरपाई कोण देईल? भारतात १५ जून २००९ पासून चाचण्यांची सार्वजनिक नोंद बंधनकारक आहे, आणि २०१९ च्या नियमांनी नीतिसमिती, संमती व भरपाई यांची व्यवस्था निश्चित केली आहे. हे प्रश्न विचारणे हा अविश्वास नव्हे. तो रुग्णाचा अधिकार आहे.

प्रतिपिंडे उसनी मिळतात, पण प्रतिकारशक्ती सहसा उसनी मिळत नाही. अर्धशतकाच्या चाचण्यांचा हा निष्कर्ष निराशेचा नाही. शरीराला जे स्वतः शिकता आले नाही ते शिकण्यासाठी उसन्या प्रतिपिंडांनी थोडा अवकाश मिळवून द्यावा, आणि त्या अवकाशात शरीराने आपला पहारा उभारावा, ही कामगिरी नवजात बालकाच्या बाबतीत १९८३ सालीच साधली. तीच प्रौढ रुग्णाच्या बाबतीत साधण्याचा प्रयत्न चालू आहे.